सैबेरियातला हाडवैद्य

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात एक दृश्य हमखास पाहायला मिळते. रुग्णाचा पाय उशीवर ठेवलेला असतो. नडगीभोवती धातूच्या तीन-चार गोल कड्या असतात, त्या कड्यांमधून पायात आरपार गेलेल्या बारीक तारा असतात आणि कड्यांना एकमेकींशी जोडणारे आट्यांचे दांडे असतात. भेटायला आलेली मंडळी क्षणभर नजर फिरवतात. नातेवाईक सांगतात, पायाला रिंगा लावल्या आहेत. दिवसातून चार वेळा रुग्ण स्वतः किंवा घरचे कोणी छोटा पाना घेऊन ठरावीक नट पाव फेरा फिरवते. एवढ्याने पायातले हाड दिवसाला एक मिलिमीटर वाढते.

या रिंगा ज्यांनी तयार केल्या, ते डॉक्टर गावरिल अब्रामोविच इलिझारोव्ह. त्यांच्या नावाने हे तंत्र जगभर ओळखले जाते. मात्र त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे एका आडगावात आणि एका दूरच्या जिल्ह्याच्या शहरात गेली आणि तिथे चाललेल्या कामावर विश्वास ठेवायला त्यांच्याच देशातील नामवंत शल्यचिकित्सक दीर्घकाळ तयार नव्हते.

इलिझारोव्ह यांचा जन्म १५ जून १९२१ रोजी तेव्हाच्या पोलंडमधील बियावोविएझा येथे झाला. वडील कॉकेशस पर्वतभागातील ज्यू समाजाचे. गावरिल लहान असतानाच कुटुंब वडिलांच्या मूळ गावी, अझरबैजानमधील कुसार येथे परतले. सहा भावंडांत ते थोरले. वडील लवकर गेले आणि घरची गरिबी वाढली. गुरे राखणे, शेतावर राबणे यात बालपण सरले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले ते वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी. पण बुद्धी तल्लख असल्याने मागे राहिलेल्या इयत्ता त्यांनी भराभर पार केल्या. पुढे क्रिमियातील सिम्फेरोपोलच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. दुसरे महायुद्ध सुरू झाले, जर्मन फौजा क्रिमियाकडे सरकू लागल्या, तेव्हा सारे महाविद्यालय कझाकस्तानात हलवावे लागले. अशा धामधुमीत १९४४ मध्ये ते डॉक्टर झाले.

नव्या डॉक्टरांना सरकार पाठवेल तिथे जावे लागे. इलिझारोव्ह यांच्या वाट्याला आले पश्चिम सैबेरियातील कुर्गान प्रांताचे दोल्गोव्का हे खेडे. विस्तीर्ण टापूत डॉक्टर म्हणून तेच. बाळंतपणापासून अपेंडिक्सपर्यंत सगळे त्यांच्याकडेच यायचे. हिवाळ्यात घोड्याच्या घसरगाडीतून बर्फ तुडवत रुग्णांपर्यंत जावे लागे. अस्थिशल्यचिकित्सेचे वेगळे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पण समोर येणारे रुग्णच त्यांना त्या दिशेने ओढत होते, कारण युद्ध नुकतेच संपत होते आणि गावोगावी गोळ्यांनी, स्फोटांनी पायाची हाडे मोडलेले सैनिक परतत होते.

अशा पायांची अवस्था समजून घ्यायला नडगीकडे पाहायला हवे. मांडीच्या हाडाभोवती जाड स्नायू असतात. नडगीच्या पुढच्या बाजूला मात्र केवळ कातडी असते. बोट फिरवले तर हाड थेट हाताला लागते. त्यामुळे मोठ्या आघातात नडगीचे हाड सहज कातडी फाडून बाहेर येते. जखमेत माती जाते, जंतू शिरतात. रक्तपुरवठा मुळात बेताचा, त्यात आघाताने तो आणखी तुटतो. हाडाचा एखादा तुकडा निर्जीव होतो आणि काढून टाकावा लागतो. मग दोन टोकांमध्ये फट राहते. टोके जुळत नाहीत, पू वाहत राहतो आणि पाय मधोमध वाकतो, जणू तिथे नवा सांधाच तयार झाला आहे.

तेव्हाचा मुख्य उपचार म्हणजे प्लास्टर. महिनोन्‌महिने मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालून रुग्णाला झोपवून ठेवायचे. हाड जुळले तरी तोवर गुडघा आणि घोटा आखडून जायचे, स्नायू वाळायचे. पू झालेल्या पायात पट्टी आणि स्क्रू बसवणे धोक्याचे, कारण जंतू धातूला चिकटून राहतात. हाडांचे तुकडे बाहेरून पकडून ठेवणारी काही साधने युरोपात होती. पण हाडाची नाहीशी झालेली लांबी भरून काढण्याचा खात्रीचा मार्ग त्यांनी मिळत नव्हता. पाय वजन टाकून ओढून लांब करण्याचा प्रयत्न इटलीच्या आलेस्सांद्रो कोदिविला यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला होता. त्यात गुंतागुंत इतकी होई की ती वाट फारशी कोणी चोखाळली नाही. शेवटी अनेकांपुढे दोनच पर्याय उरत. जन्मभर कुबडी घ्यायची किंवा पाय कापायचा.

इलिझारोव्ह यांचा विचार साधा होता. मोडलेल्या हाडाची दोन टोके एकमेकांवर घट्ट दाबून धरली आणि ती अजिबात हलू दिली नाहीत, तर हाड जुळलेच पाहिजे. ही पकड शरीराच्या बाहेरून हवी, म्हणजे जखमेत धातू राहणार नाही. आणि ती इतकी भक्कम हवी, की रुग्णाला पायावर भार देऊन चालता येईल. घोड्याच्या मानेभोवतीची लाकडी कमान आणि तिला जोडलेले गाडीचे दोन दांडे एकमेकांना कसे घट्ट धरून ठेवतात, हे पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. मोडक्या दांड्याचे दोन तुकडे घेऊन त्यांनी पहिली चाचणी केली, असेही सांगितले जाते.

१९५० मध्ये ते कुर्गान शहरातील प्रांतीय रुग्णालयात आले आणि पुढच्याच वर्षी उपकरण आकाराला आले. दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक पोलादी तारा हाडातून आडव्या आरपार घालायच्या, एकमेकींना छेद देतील अशा. त्यांची टोके बाहेरच्या गोल कडीला बांधून तारा जोराने ताणायच्या. सायकलच्या चाकात बारीक आऱ्या ताणलेल्या असतात म्हणून चाक माणसाचे वजन पेलते. इथेही ताणच बारीक तारेला बळ देतो. अशा कड्या मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली बसवून त्या आट्यांच्या दांड्यांनी जोडायच्या. नट फिरवले की कड्या जवळ येतात आणि हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात. पाय टेकताना हाडावर वरून खाली अगदी किंचित भार पडतो, पण हाड आडवे सरकत नाही. असा हलका भार हाड जुळायला मदतच करतो. रुग्ण काही दिवसांत उभे राहू लागले, हे त्या काळी नवलच होते. उपकरणाच्या हक्कासाठी त्यांनी १९५२ मध्ये अर्ज केला आणि १९५४ मध्ये प्रमाणपत्र हाती आले.

त्यांचा सर्वांत मोठा शोध यानंतर लागला आणि त्यात योगायोगाचा वाटा होता. प्रचलित हकिगत अशी, की एका रुग्णाला नट फिरवून हाडाची टोके जवळ आणायला सांगितले होते. त्याने ते उलट्या दिशेने फिरवले. टोके जवळ येण्याऐवजी दूर गेली. खरे तर त्या फटीत काहीच असायला नको होते. पण एक्स-रेमध्ये तिथे नव्या हाडाची पुसट छाया दिसली. दुसऱ्या एखाद्या डॉक्टराने चूक सुधारून नट पुन्हा योग्य दिशेने आवळायला लावले असते. इलिझारोव्ह यांनी त्या छायेचा पुढची अनेक वर्षे पाठपुरावा केला.

ओढल्यामुळे हाड वाढते का? वाढत असेल तर किती वेगाने ओढायचे? ही उत्तरे शोधण्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले, तर फटीतले हाड वेळेआधीच कडक होऊन जुळायचे आणि पुढे लांबी वाढवता येत नसे. दोन मिलिमीटर ओढले, तर नव्या पेशींना रक्त पुरेनासे व्हायचे, स्नायू आणि नसांवर ताण यायचा आणि हाड नीट तयारच होत नसे. एक मिलिमीटर हा वेग जुळून आला. तोही एकदम देण्यापेक्षा चार वेळा पाव-पाव मिलिमीटर दिला तर परिणाम चांगला. यंत्राने तोच मिलिमीटर दिवसभरात साठ भागांत विभागून दिला, तर त्याहूनही चांगला. ओढ जितकी हळुवार आणि अखंड, तितके शरीराला ते नैसर्गिक वाढीसारखे वाटते. बाळ वाढते तेव्हा हाडांबरोबर स्नायू, रक्तवाहिन्या, नसा आणि कातडीही वाढतात. संथ ताण मिळाला की मोठ्या माणसाच्या शरीरातही ही क्षमता पुन्हा जागी होते, हे त्यांच्या कामाचे सार होते.

हाड कसे कापायचे हेही त्यांनी ठरवले. करवतीने सरळ दोन तुकडे न करता केवळ बाहेरचे कठीण कवच जपून छेदायचे. आतला मगज आणि वरचे पातळ आवरण शक्य तितके शाबूत ठेवायचे, कारण नवे हाड घडवणाऱ्या पेशी आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तिथेच असतात. त्यानंतर पाच-सात दिवस काहीच करायचे नाही. जखम भरून येण्याची प्रक्रिया सुरू झाली, की नट फिरवायला घ्यायचे.

यातूनच गंभीर जखमी झालेला पाय पुन्हा उभा करण्याची युक्ती निघाली. समजा, नडगीचे सहा सेंटिमीटर हाड नाहीसे झाले आहे. दुसरीकडून तेवढे हाड आणून बसवणे कठीण. मग फटीपासून दूर, गुडघ्याजवळच्या निरोगी भागात हाड छेदायचे. छेद आणि फट यांच्यामधला जिवंत तुकडा तारांनी पकडून रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. तुकडा पुढे जातो तसे त्याच्या मागे नवे हाड तयार होत जाते. साठ दिवसांनी तुकडा खालच्या टोकाला भिडतो आणि फट नाहीशी होते. मागचे नवे हाड अजून मऊ असते. ते कडक व्हायला ओढण्यापेक्षा दुप्पट काळ किंवा त्याहून अधिक लागतो. म्हणजे सहा सेंटिमीटरसाठी सहा ते नऊ महिने रिंगा पायात. काळ मोठा आहे, पण ज्या पायाबद्दल कापण्याची भाषा चालली होती, तो पाय स्वतःच्या हाडासह राहतो.

कुर्गान मॉस्कोपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर. तिथला कोणी प्रांतीय डॉक्टर, त्यात पदव्याही बेताच्या, हाड ओढून वाढवतो म्हणतो, यावर राजधानीतील तज्ज्ञांचा विश्वास बसेना. पाने आणि नट घेऊन चालणाऱ्या या कामाला काहींनी कारागिराची शस्त्रक्रिया म्हणून हिणवले. प्रौढ हाड असे नव्याने तयार होत नाही, हा त्या काळचा पाठ्यपुस्तकी समज होता. उपकरणे हवी तेवढी बनत नव्हती, संशोधनाला मान्यता मिळत नव्हती. इलिझारोव्ह रुग्ण तपासत राहिले आणि प्रत्येकाचे एक्स-रे जपत राहिले. बरे झालेले रुग्णच त्यांची कीर्ती एका गावातून दुसऱ्या गावात नेत होते.

चित्र पालटले ते एका खेळाडूमुळे. व्हॅलेरी ब्रुमेल हे उंच उडीतील सोव्हिएत संघाचे दैवत. १९६३ मध्ये २.२८ मीटरचा विश्वविक्रम, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. ऑक्टोबर १९६५ मध्ये मॉस्कोत मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या पायाचा अक्षरशः चुरा झाला. राजधानीत एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हाड जुळेना, जंतुसंसर्ग हटेना, पाय आखूड झाला. अखेरीस १९६८ मध्ये ते कुर्गानला पोहोचले. इलिझारोव्ह यांनी रिंगा बसवल्या. हाड जुळले, पायाची लांबीही भरून निघाली. ब्रुमेल पुढे पुन्हा मैदानावर उतरले आणि दोन मीटरहून उंच उडी त्यांनी मारली. विश्वविक्रम पुन्हा झाला नाही. पण ज्याला नीट चालता येणे अवघड होते, तो माणूस आडव्या दांडीवरून झेपावताना देशाने पाहिला. त्यानंतर कुर्गानकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य नव्हते.

त्याच वर्षी इलिझारोव्ह यांनी पर्म येथे आपला प्रबंध सादर केला. तो खालच्या पदवीसाठी होता. काम पाहून परीक्षकांनी थेट वरची डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये कुर्गानमध्ये स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली आणि पुढे ती अस्थिशल्यचिकित्सेतील जगातल्या मोठ्या संस्थांपैकी एक झाली. संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्यासारखे रुग्णही तिथे आले. १९७८ मध्ये त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. कामाच्या धबडग्यातही इलिझारोव्ह यांनी एक छंद जपला होता, हातचलाखीचे जादूचे प्रयोग करण्याचा.

तरीही पाश्चात्त्य देशांना या तंत्राचा पत्ता नव्हता. तो लागला एका गिर्यारोहकाच्या पायातून. इटलीच्या लेक्को गावचे कार्लो माउरी यांचा पाय १९६१ मध्ये बर्फावर स्कीइंग करताना मोडला होता. जवळपास वीस वर्षे ते आखूड, वाकड्या पायाने लंगडत फिरत होते, तशातच मोहिमाही करत होते. थॉर हेयरडाल यांच्या ‘रा’ या पपायरस गवताच्या होडीवर ते असताना तिथले सोव्हिएत डॉक्टर युरी सेंकेविच त्यांचे सहप्रवासी होते. सेंकेविच यांनी त्यांना कुर्गानचे नाव सांगितले. १९८० मध्ये माउरी तिथे गेले आणि काही महिन्यांनी सरळ, पुरेशा लांबीचा पाय घेऊन परतले. ज्या डॉक्टरांनी त्यांना हे आता असेच राहणार असे सांगितले होते, तेच आता एक्स-रे हातात घेऊन चकित झाले.

१९८१ मध्ये इटालियन डॉक्टरांनी इलिझारोव्ह यांना बेलाजियो येथील परिषदेला बोलावले. साठीला आलेला हा डॉक्टर पहिल्यांदाच पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांसमोर उभा राहिला. एकामागून एक एक्स-रे पडद्यावर येत गेले. हरवलेली हाडे पुन्हा तयार झालेली दिसत होती. व्याख्यान संपले तेव्हा सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. इटलीहून हे तंत्र युरोपभर गेले, ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पोहोचले आणि भारतातही आले. आज महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेर अकोल्यासारख्या शहरातही या उपचाराचे केंद्र आहे.

रिंगांचा उपचार सोपा मुळीच नाही. तारा जिथे कातडीतून जातात, तिथे लाली येते, पाणी येते, कधी पू होतो. ती जागा रोज स्वच्छ ठेवावी लागते. ओढ चालू असताना स्नायू ताणले जातात, झोप उडते, घोटा आखडू लागतो. व्यायाम चुकवला तर हाड जुळूनही पाऊल खाली वाकलेले राहू शकते. तंबाखू आणि सिगारेटने नवे हाड तयार होण्यास उशीर होतो. कित्येक महिने रोजगार बुडतो आणि मन खचते. म्हणूनच या उपचारात डॉक्टरांच्या हाताइतकाच रुग्णाचा निर्धार आणि घरच्यांची साथ महत्त्वाची असते. साधे, बंद अस्थिभंग आता हाडाच्या पोकळीत रॉड टाकून लवकर बरे होतात आणि तिथे रिंगांची गरज पडत नाही. जिथे हाड गेले आहे, पू झाला आहे किंवा पाय वाकडा नि आखूड जुळला आहे, तिथे मात्र रिंगांची आठवण होते. संगणकाच्या मदतीने वाकडेपणा सुधारणाऱ्या चौकटी आल्या, हाडाच्या आत बसून बाहेरच्या चुंबकाने लांबणारे रॉड आले. त्यांचा वेगही ठरतो तो कुर्गानमध्ये सापडलेल्या एका मिलिमीटरच्या आधारेच.

२४ जुलै १९९२ रोजी कुर्गानमध्येच इलिझारोव्ह यांचे निधन झाले. मान-सन्मान मिळाल्यावरही त्यांनी ते शहर सोडले नव्हते. तिथली संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. दोल्गोव्काच्या बर्फात घसरगाडीतून फिरताना ज्या सैनिकांचे पाय त्यांना वाचवता आले नव्हते, तशा पायांसाठी आज उपाय आहे. कुठल्याशा घरात आजही संध्याकाळी कोणी पाना हातात घेते, नट पाव फेरा फिरवते आणि वहीत खूण करते. दिवसाचा एक मिलिमीटर पूर्ण होतो.